हुआन टेरी ट्रिप

विमानातून ज्यांनी प्रवास केला असेल त्यांस हे ठाऊकच आहे की, दारातून आत पाऊल टाकताच प्रथम ऐसपैस, रुंद खुर्च्या दृष्टीस पडतात. पण आपली जागा तेथे नसते. त्यांच्यामधून वाट काढीत एका पडद्यापलीकडे जावे, तेव्हा दाटीवाटीने मांडलेल्या आसनांच्या रांगा लागतात व त्यांतील एखादे आपले असते. पूर्वी आगगाडीस पहिला, दुसरा, इंटर व तिसरा असे वर्ग असत, त्यांतलाच हा प्रकार. गतवर्षी सुटीनंतर आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, पुढच्या खुर्च्या काढून टाकून सर्वत्र अरुंद आसनेच बसविली, तर अधिक माणसे मावतील व सर्वांचेच भाडे उतरेल. मग कंपन्या तसे का करीत नाहीत? प्रश्न चांगला होता. तो प्रश्न आयुष्यभर पुरलेला एक मनुष्य अमेरिकेत होऊन गेला, त्याची हकिकत आम्ही आज वाचकांस सादर करीत आहो. त्यांचे नाव हुआन टेरी ट्रिप. पॅन अमेरिकन एअरवेज, जिला लोक पॅन ॲम म्हणत, ती विमान कंपनी त्यांनी १९२७ साली नावारूपास आणण्यास आरंभ केला व १९६८ पर्यंत तिचा कारभार पाहिला.

ट्रिप यांचा जन्म २७ जून १८९९ रोजी न्यू जर्सी प्रांतातील सी ब्राइट या समुद्रकाठच्या गावी झाला. नाव स्पॅनिश वळणाचे असले तरी घराणे इंग्रज वंशाचे होते. नात्यातील हुआनिता नावाच्या एका स्त्रीवरून हे नाव ठेवण्यात आले. पुढे दक्षिण अमेरिकेत धंदा करताना तिकडील लोक त्यांस आपल्यातलेच समजत आणि ट्रिप तो गैरसमज दूर करण्याची घाई करीत नसत, असे सांगतात. वडील पेढीवाले व सुखवस्तू होते. मुलगा येल विद्यापीठात शिकत असता पहिले महायुद्ध चालू होते, तेव्हा तो आरमारात विमान चालविण्यास शिकला. परंतु रणांगणावर जाण्यापूर्वीच युद्ध संपले. १९२१ साली पदवी घेऊन ट्रिप न्यूयॉर्क येथे पेढीच्या धंद्यात शिरले खरे, पण त्यांचे मन तेथे रमले नाही.

१९२३ साली त्यांनी आरमाराने मोडीत काढलेली काही जलविमाने स्वस्तात विकत घेतली आणि धनिक लोकांस न्यूयॉर्कहून समुद्रकाठच्या विश्रामस्थानी पोचविण्याचा धंदा आरंभिला. या विमानांत वैमानिकाखेरीज एकच उतारू बसू शके. ट्रिप यांनी जुने इंजिन काढून अधिक शक्तीचे इंजिन बसविले व एकाऐवजी दोन उतारू नेण्याची सोय केली. वैमानिक तोच, फेरी तीच, आणि उत्पन्न मात्र दुप्पट! धंदा फार दिवस चालला नाही. पण ही एक युक्ती त्या तरुणाच्या मनात अशी खोल रुजली की, पुढील पंचेचाळीस वर्षे त्याने जी जी विमाने मागविली, त्यांच्यामागे हाच हिशेब होता.

येथे आमच्या वाचकांनी थोडे अंकगणित करावे. समजा, एक विमान समुद्रापलीकडे नेण्यास १२,००० रुपये खर्च येतो. (हा आकडा आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.) तेल, वैमानिकांचे वेतन, विमानासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, विमानतळाचा कर, हे सर्व विमान भरून गेले काय किंवा रिकामे गेले काय, बहुतांशी तेवढेच लागते. त्यात ४० रुंद खुर्च्या मांडल्या व त्या सर्व भरल्या, तर प्रत्येक उतारूवर ३०० रुपयांचा भार पडतो. त्याच जागेत ८० आसने मांडून ती सर्व भरली, तर भार १५० वर येतो. परंतु ८० मांडून ४०च भरली, तर भार पुन्हा ३०० होतो. आणि भाडे मात्र आपण १५० जाहीर करून बसलेले असतो! विमान कंपनीचे सारे सुखदुःख या तीन ओळींत आहे.

असो. त्यानंतर ट्रिप यांनी न्यूयॉर्क व बोस्टन या शहरांदरम्यान टपाल नेण्याचा मक्ता मिळविलेल्या एका कंपनीत काम केले. तेथे त्यांनी मोठी, एकाहून अधिक इंजिनांची विमाने घेण्याचा आग्रह धरला. भागीदारांस तो उधळेपणा वाटला आणि ट्रिप यांस बाहेर पडावे लागले. १९२७ साली फ्लॉरिडातील की वेस्ट येथून क्यूबातील हवाना येथे टपाल नेण्याचे काम पॅन अमेरिकनकडे आले. मक्त्याप्रमाणे १९ ऑक्टोबर रोजी टपाल निघालेच पाहिजे होते आणि कंपनीचे विमान तर वेळेवर सज्ज होईना. तेव्हा दुसऱ्याचे एक लहान जलविमान भाड्याने घेऊन टपालाच्या थैल्या हवानास पोचत्या करण्यात आल्या. अवघा ९० मैलांचा तो मार्ग. पण त्या दिवशी विमान न जाते, तर हे चरित्र लिहिण्याचा प्रसंगच आला नसता. पुढल्या वर्षी ट्रिप यांचा विवाह एलिझाबेथ स्टेटिनियस यांच्याशी झाला. अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडणारा विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग याने कंपनीचा सल्लागार होण्याचे मान्य केले.

त्या काळी विमानतळ थोडे आणि समुद्र सर्वत्र. म्हणून ट्रिप यांनी पाण्यावर उतरणारी प्रचंड जलविमाने बांधवून घेतली व जुन्या वेगवान शिडाच्या गलबतांवरून त्यांस ‘क्लिपर’ हे नाव दिले. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी ‘चायना क्लिपर’ सॅन फ्रान्सिस्कोहून टपाल घेऊन फिलिपाइन्समधील मॅनिला शहरी निघाले. त्यासाठी मिडवे, वेक, ग्वाम अशा महासागरातील बेटांवर आधी मुक्कामाची ठाणी उभारावी लागली. पुढल्या वर्षी उतारूही जाऊ लागले. मॅनिलापर्यंत एकेरी भाडे ७९९ डॉलर होते. एवढी रक्कम त्या काळी सामान्य अमेरिकन मनुष्याने विमानप्रवासासाठी मोजणे केवळ अशक्य. १९३९ साली आलेल्या बोइंग ३१४ या जलविमानात जेवणाचे दालन, निजण्याच्या फळ्या, स्त्रियांस व पुरुषांस पोशाख बदलण्याच्या वेगवेगळ्या खोल्या आणि अगदी शेवटी एक खास दालन, असा राजेशाही थाट होता. त्यातून अटलांटिकपार जाण्यास एकेरी ३७५ डॉलर पडत.

हा थाट पाहून कोणास वाटेल की, यात नफा अलोट होत असेल. तसे नव्हते. पॅसिफिक महासागरावरील लांब टप्प्यांत तेलाचा भारच इतका असे की, उतारू थोडेच घेता येत. शिवाय ‘चायना क्लिपर’च्या जातीची विमाने एकंदर तीनच होती. जुलै १९३८ मध्ये त्यांपैकी ‘हवाई क्लिपर’ आतील १५ माणसांसह महासागरात नाहीसे झाले, व कंपनीच्या एका सबंध मार्गाचे तृतीयांश बळ एका दिवसात गेले. त्याच वर्षाच्या आरंभी दुसरे एक जलविमान आपल्या निष्णात कप्तानासह नष्ट झाले होते. विमाने किती घ्यावी, या प्रश्नात एखादे बुडाले तर काय, हाही विचार अंतर्भूत असतो, हे कटु सत्य तेव्हा संचालकांस उमगले. खर्चाचा डोंगर पाहून त्यांनी १९३९ साली ट्रिप यांच्या हातून कारभार काढून घेतला. परंतु सारे व्यवहार एकट्या ट्रिप यांच्याच डोक्यात असल्यामुळे दुसऱ्या कोणास ते उलगडेनात, आणि वर्ष पुरते होण्याच्या आतच कारभार पुनः त्यांच्याकडे सोपवावा लागला. ट्रिप बोलण्यात सौम्य, वागण्यात सभ्य, पण मनाचा थांग कोणासही न लागू देणारे होते. आपल्या सहकाऱ्यांसही ते पुष्कळदा अंधारात ठेवीत. हा गुण आहे असे आम्हांस वाटत नाही, आणि त्याचे फळ पुढे कंपनीने भोगले.

दुसऱ्या महायुद्धानंतर सर्व राष्ट्रांच्या विमान कंपन्यांनी एकत्र बसून भाडी ठरविण्याची रीत पडली. सर्वांचे भाडे एक, वर्ग एक, आणि तो वरचाच. ट्रिप यांनी १९४५ साली न्यूयॉर्कहून लंडनला जाण्यासाठी स्वस्त वर्ग काढून भाडे २७५ डॉलरांवर आणले. ब्रिटिश सरकारने तत्काळ जाहीर केले की, अशा उतारूंचे विमान आमच्या विमानतळावर उतरू दिले जाणार नाही! इंग्रजांच्या कंपनीजवळ तोडीची विमाने नव्हती, हे त्यातील इंगित. कंपनीच्या विमानांस काही काळ आयर्लंडमधील शॅनन येथे उतरावे लागले. ट्रिप यांचाही या भांडणातील हेतू सर्वस्वी परोपकाराचा होता असे आम्ही म्हणणार नाही. परदेशी जाणारी अमेरिकेची एकमेव कंपनी आपलीच असावी म्हणून याच काळात ते आपल्या सरकारकडे खटपट करीत होते व ती खटपट फसली. स्वतः मक्तेदारी इच्छिणाऱ्याने दुसऱ्यांची मक्तेदारी फोडली, असा हा विचित्र योग आहे.

बाहेर वाट बंद झाली तेव्हा ट्रिप यांनी आपल्या देशाच्या अखत्यारातील मार्ग शोधला. पोर्टो रिको बेटावरील गरीब लोक कामधंद्यासाठी न्यूयॉर्कला जात. १९४८ साली त्या मार्गावर सर्वस्वी एकाच, स्वस्त वर्गाचे विमान ७५ डॉलर भाड्याने सुरू झाले. ज्यांनी जन्मात विमान आतून पाहिले नव्हते असे मजूर त्यातून जाऊ लागले, आणि आसने भरू लागली. हा अनुभव पदरी घेऊन ट्रिप यांनी इतर कंपन्यांचा पिच्छा पुरविला व अखेर १ मे १९५२ पासून अटलांटिक महासागरावर ‘टूरिस्ट’ वर्ग मान्य झाला. कंपनीने त्यासाठी डग्लस डीसी–६बी या विमानात ८२ आसने बसविली. वरच्या वर्गाच्या मांडणीत इतकी माणसे कधीच मावली नसती. जाऊन येऊन भाडे ४८६ डॉलर. शिक्षक, कारकून, म्हाताऱ्या आईबापांस भेटू इच्छिणारे परदेशस्थ लोक, यांस समुद्रापलीकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५८ साली आगबोटींपेक्षा विमानांनी अटलांटिक ओलांडणारे लोक अधिक झाले, व आगबोट कंपन्यांचे दिवस भरत आले.

आता आसने वाढवावयाची, तर विमानच मोठे व वेगवान हवे. जे विमान दिवसातून अधिक फेऱ्या करील, ते एकच असून दोहोंचे काम करील. म्हणून ट्रिप यांची दृष्टी जेट इंजिनाकडे वळली. जेटचे जे इंजिन विमान बांधणारे वापरू पाहत होते, ते महासागर एका दमात ओलांडण्यास अपुरे होते. ट्रिप यांनी एका इंजिन कारखान्यास अधिक शक्तीच्या इंजिनासाठी राजी केले आणि मग बोइंग व डग्लस या दोन कारखान्यांस एकमेकांविरुद्ध झुंजविले. बोइंग मोठे विमान बांधण्यास नाखूष होती; डग्लस तयार झाली. १३ ऑक्टोबर १९५५ रोजी २६ कोटी ९० लक्ष डॉलरांची मागणी प्रसिद्ध झाली, तीत डग्लसची २५ विमाने व बोइंगची अवघी २०! हा इशारा बोइंगला पुरेसा झाला व तिनेही आपले ७०७ विमान मोठे केले. गंमत अशी की, याच सुमारास कंपनीने पंख्याच्या इंजिनाची डीसी–७सी ही नवीकोरी विमानेही मागविलेली होती. ती १९५६ साली आली आणि दोनच वर्षांत जेटपुढे जुनी ठरली. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी कंपनीचे ७०७ विमान १११ उतारू घेऊन न्यूयॉर्कहून पॅरिसला गेले. इंग्रजांचे कॉमेट विमान तीन आठवडे आधी महासागर ओलांडून गेले होते, पण ते लहान होते. आसनांच्या हिशेबात ते ७०७ पुढे टिकले नाही.

त्या पहिल्या ७०७ विमानात पुढे श्रीमंती वर्ग व मागे स्वस्त वर्ग, अशी दोहोंची सोय होती. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथून मिळू लागते. स्वस्त भाड्याचे उतारू उन्हाळ्यात, नाताळात लोंढ्याने येतात आणि जानेवारीच्या थंडीत आसने ओस पडतात. परंतु व्यापारी, वकील, सरकारी अधिकारी यांस काम पडले की जावेच लागते. ते आयत्या वेळी येतात, आणि भाडे बहुधा त्यांच्या खिशातून जात नसून पेढीच्या तिजोरीतून जाते. रुंद खुर्ची दोन आसनांची जागा अडविते. पण तिचे भाडे दुपटीहून पुष्कळ अधिक असेल व ती बाराही महिने भरत असेल, तर मागच्या रिकाम्या आसनांचा खर्च तीच ओढते. उलटपक्षी, मागची गर्दी नसेल तर एवढे मोठे विमान रोज सोडणेच परवडणार नाही, आणि मग त्या व्यापाऱ्यासही रोज जाता येणार नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचे ओझे वाहतात. मात्र रुंद खुर्च्या किती व अरुंद किती, हे प्रमाण चुकले की दोन्ही बाजू तोट्यात जातात.

यानंतर ट्रिप यांनी आयुष्यातील सर्वांत मोठी मागणी केली. १९६० नंतर उतारूंची संख्या झपाट्याने वाढत होती, विमानतळांवर गर्दी मावेना. १३ एप्रिल १९६६ रोजी पॅन अमेरिकनने बोइंगच्या ७४७ जातीची २५ विमाने ५२ कोटी ५० लक्ष डॉलरांस मागविली. हे विमान ७०७ च्या सुमारे अडीचपट उतारू नेणार होते. ट्रिप यांच्या मनात प्रथम दुमजली विमान होते. परंतु बोइंगच्या कारागिरांनी लाकडी प्रतिकृती उभारून दाखविल्या, तेव्हा एकमजली, अतिशय रुंद विमानच सोयीचे, हे त्यांनी मान्य केले. त्या काळी सर्वांची समजूत अशी होती की, थोड्याच वर्षांत ध्वनीहून वेगवान विमाने येऊन श्रीमंत उतारूंस नेतील आणि ७४७ कडे माल वाहण्याचे काम येईल. ट्रिप यांनी १९६३ सालीच सहा काँकॉर्ड विमानांवर आपला हक्क राखून ठेवला होता. माल नाकातून चढविता यावा म्हणून ७४७ ची वैमानिकाची खोली उंचावर नेण्यात आली व तिच्यामागे कुबडासारखी एक जागा आपोआप उरली. बोइंगच्या लोकांनी ती वैमानिकांच्या विश्रांतीस योजिली होती. प्रतिकृती पाहण्यास आलेले ट्रिप शिडीने वर चढले, त्यांनी ती जागा पाहिली, आणि ही उतारूंसाठी राहील असे सांगून टाकले. जागा रिकामी दिसली की तेथे भाडे देणारा मनुष्य बसवावा, हा १९२३ सालचाच मनुष्य! पुढे पॅन अमेरिकनने तेथे वरच्या वर्गाच्या उतारूंसाठी भोजनगृह थाटले.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानातील दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ट्रिप यांनी हिशेब केला नव्हता असे नाही. पण तो त्यांनी मागील वर्षांच्या भरभराटीवरून केला होता. विमानाची मागणी आज करावयाची आणि ते हाती येणार चार वर्षांनी. त्या वेळी उतारू किती असतील हे कोणी सांगावे? मे १९६८ मध्ये ट्रिप कारभारातून निवृत्त झाले. २१ जानेवारी १९७० च्या रात्री ७४७ ची पहिली फेरी लंडनला निघावयाची, तर इंजिन तापले. उतारूंस तासन्‌तास ताटकळावे लागले व मध्यरात्र उलटल्यावर दुसरे विमान निघाले. त्याहून मोठे विघ्न बाजारात होते. अमेरिकेत मंदी आली, उतारूंची वाढ खुंटली, आणि इतर कंपन्यांनीही मागे राहू नये म्हणून तीच विमाने घेतल्यामुळे सगळ्यांचीच आसने रिकामी धावू लागली. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले. पॅन अमेरिकनला अमेरिकेच्या अंतर्भागात मार्गच नव्हते, त्यामुळे गावोगावचे उतारू गोळा करून त्या प्रचंड विमानांत आणून बसविणार कोण? आमच्या वर दिलेल्या उदाहरणातील तिसरी ओळ येथे खरी ठरली. काँकॉर्डवरील हक्क कंपनीने १९७३ च्या जानेवारीत सोडून दिला. काँकॉर्ड १९७६ पासून २००३ पर्यंत उडाले. त्यात सुमारे १०० आसने, सर्व उंची भाड्याची. इंग्रज व फ्रेंच कंपन्यांची मिळून अवघी चौदा विमाने सेवेत राहिली, आणि स्वस्त आसनांशिवाय वेग कितपत चालतो, ते जगास दिसले.

७४७ मात्र चालले. एका आसनामागील खर्च कमी झाल्याने भाडी उतरत गेली. १९७१ साली ते एअर इंडियाच्या ताफ्यातही आले, आणि आमच्या वाचकांच्या घरची कितीतरी वडीलधारी माणसे त्यातून परदेशी गेली असतील. स्वस्त तिकिटांचे प्रकार इतके वाढले की, पूर्ण भाडे देणारा व्यापारी अर्ध्या भाड्याच्या प्रवाशाशेजारी बसू लागला व कुरकुर करू लागला. तेव्हा १९७८ च्या सुमारास पहिल्या व स्वस्त वर्गांच्या मध्ये एक तिसरा वर्ग निघाला. पॅन अमेरिकनने त्यास ‘क्लिपर क्लास’ म्हटले. इतर कंपन्यांचा तोच ‘बिझिनेस क्लास’ होय. पुढे बहुतेक कंपन्यांनी पहिला वर्ग हळूहळू आखडून याच वर्गावर आपली भिस्त ठेवली.

ट्रिप यांचे ३ एप्रिल १९८१ रोजी न्यूयॉर्क येथे निधन झाले. त्याच सुमारास कंपनीने कर्ज फेडण्यासाठी न्यूयॉर्कमधील आपली गगनचुंबी इमारत व जगभरची हॉटेले विकली. नंतर ट्रिप यांनी बेटाबेटांवर ठाणी उभारून उघडलेला पॅसिफिक महासागरावरील मार्गही दुसऱ्या कंपनीस विकला. ४ डिसेंबर १९९१ रोजी पॅन अमेरिकन बंद पडली. तिचे शेवटचे विमान ७२७ जातीचे होते. ते बार्बाडोस बेटाहून निघून फ्लॉरिडातील मायामी येथे उतरले. त्याच फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाहून चौसष्ट वर्षांपूर्वी भाड्याचे जलविमान टपाल घेऊन हवानास गेले होते.